भिंतीवरची पेन्सिलीची खूण

तिसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस. संध्याकाळ.

आज भिंतीवर नवी खूण झाली. आधीच्या खुणेपेक्षा दोन बोटं वर.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हा व्यायाम शिकवला तेव्हा किती सोपा वाटला होता! भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी मुंगीसारखं हळूहळू वर चढायचं आणि ओढ बसेल तिथे थांबून श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी बोटं खांद्यापाशीच अडली. काखेत कुणीतरी दोरी ताणून धरल्यासारखं झालं. मी पलंगावर बसून रडले. लेकीने पेन्सिल आणली, बोटं पोचली होती तिथे रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. बोलली काहीच नाही. आता तिथे सहा रेघा आहेत.

घरातले सगळे मायेनेच सांगतात, पडून राहा, त्या हाताने काही उचलू नकोस, सूज येईल. मलाही तीच धास्ती होती. फिजिओथेरपिस्ट ताईंनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. हाताला आधीच लिम्फेडिमा, म्हणजे द्रव साठून येणारी हीच सूज, असलेल्या १४१ जणी त्यात होत्या. त्यातल्या ज्यांनी देखरेखीखाली, बेताबेताने वजन वाढवत वर्षभर व्यायाम केला, त्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही, उलट ती उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले. ऐकून किती हलकं वाटलं! माझी वजनं अजून अर्ध्या किलोचीच आहेत. हात जड किंवा घट्ट वाटला तर लगेच कळवायचं, एवढं पक्कं ठरलंय.

थकव्याचं मात्र मला कुणी आधी सांगायला हवं होतं. हा कामाचा शीण नव्हे. दहा तास झोपून उठलं तरी अंग शिशासारखं जड. पहिल्या केमोनंतर मी आठवडाभर पडून होते, तर आठव्या दिवशी जिना चढताना पाय लटपटले. दुसऱ्या वेळी चौथ्या दिवसापासून दहा-दहा मिनिटं चालले, तेव्हा दुपार तरी माझी राहिली. आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालायचं, हे ध्येय दिलंय. सलग ३० मिनिटं अजून जमत नाहीत. तीन तुकडे करते, आणि तेही चालतात असं ताईंनी स्वतः सांगितलंय.

सगळेच दिवस असे नसतात. परवा उलट्या झाल्या, चालले नाही. त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

सध्या पांढऱ्या पेशी कमी असण्याचे दिवस, म्हणून गर्दीत जात नाही, घरातच येरझारा. आज ११ मिनिटं झाली, मग ७.

झोपण्याआधी ताप बघायचाय. १००.४ किंवा त्याहून वर असला तर व्यायाम राहू दे, रात्री कितीही वाजले असोत, आधी डॉक्टरांना फोन. नसला तर उद्या सकाळी पुन्हा भिंत.