रूळ नसलेल्या रेल्वेच्या शोधात

आमच्या भागातील रेल्वे इतिहास मंडळाच्या बैठकीला मी प्रथम गेलो, तेव्हा लांबलचक टेबलाभोवती अकरा जण बसले होते आणि त्यांत साठीच्या आतला मी एकटाच होतो. मूर्तिजापूरला ‘शकुंतला’ या अरुंद रुळांवरच्या गाडीची शिट्टी ऐकत वाढल्यामुळे छोट्या रेल्वेची ओढ मला लहानपणापासूनच आहे. नोकरीनिमित्त न्यूयॉर्क राज्याच्या सलिव्हन काउंटीत आलो आणि इथल्या झाडीत एक अख्खी रेल्वे कंपनी गडप झाली आहे हे कळले. तेव्हापासून माझे बहुतेक शनिवार तिच्या शोधात जातात.

ती रेल्वे म्हणजे न्यूयॉर्क, ऑन्टारियो अँड वेस्टर्न. इथले लोक तिला ‘ओ अँड डब्ल्यू’ म्हणतात. ऑन्टारियो सरोवराकाठच्या ऑस्विगोपर्यंतचा तिचा मूळ मार्ग 1873 मध्ये पुरा झाला आणि त्याच वर्षी तो बांधणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले. नकाशावर हा मार्ग इतका वेडावाकडा का, हे मला बरेच दिवस उमगत नव्हते. ज्या गावांनी कर्जरोखे काढून बांधणीला पैसा दिला, त्या गावांकडे रूळ वळवले गेले आणि सिरॅक्यूजसारखे मोठे शहर बाजूला राहिले, हे त्यामागचे कारण. पुढे कंपनीची सारी भिस्त कोळसा, दूध आणि उन्हाळ्यात कॅट्सकिल डोंगरांत येणाऱ्या पाहुण्यांवर राहिली. कोळशाची मागणी ओसरली, दूध आणि पाहुणे मोटारींकडे वळले, 1937 मध्ये पुन्हा दिवाळखोरी आली आणि 29 मार्च 1957 रोजी संपूर्ण रेल्वे बंद झाली.

अशा रेल्वेचा माग काढायला सर्वांत उपयोगी पडतात ते मूल्यांकनाचे नकाशे. 1913 च्या कायद्यानुसार सरकारने देशभरच्या रेल्वे कंपन्यांच्या मालमत्तेची मोजदाद केली, तेव्हा जमिनीचा तुकडा न् तुकडा, मोऱ्या, पूल, शेड असे सगळे कागदावर उतरले. मंडळाकडच्या अशाच एका नकाशात मुख्य मार्गाला फुटलेला छोटा फाटा, त्याच्या टोकाला एक चौकोन आणि शेजारी तळे दिसत होते. मी त्यावर दोन शनिवार घालवले. ज्यांचे वडील या रेल्वेत नोकरीला होते अशा 86 वर्षांच्या एका सदस्यांनी मात्र चौकोनावर बोट ठेवून लगेच सांगितले, की इथे दूध गोळा होत असे. हिवाळ्यात तळ्यातला बर्फ कापून भुशात ठेवायचे आणि उन्हाळ्यात त्यावर दुधाचे कॅन थंड करायचे, म्हणून तळे. एप्रिलमध्ये, झाडांना पाने फुटण्यापूर्वी, आम्ही तिथे गेलो. शेवाळलेला दगडी पाया आणि फाट्याचा बुटका भराव जिथल्या तिथे होता.

हे ज्ञान कागदावर नाही, आणि मंडळे आटत चालल्याची खरी झळ मला इथे लागते. देशातील अशा सर्वांत जुन्या संस्थेची स्थापना 1921 ची, नॅशनल रेल्वे हिस्टॉरिकल सोसायटीची 1935 ची. त्या काळी वाफेची इंजिने रोज दारावरून जात होती. ती पाहिलेली पिढी आता मावळते आहे. जुनी छायाचित्रे आज घरबसल्या फुकट पाहायला मिळतात, त्यामुळे वर्गणी भरून बैठकीला यावे असे तरुणांना वाटत नाही. मात्र छपाई, इमारतीची ऊब आणि छताची दुरुस्ती यांचा खर्च तसाच राहतो. एखादे सदस्य गेले की त्यांच्या छायाचित्रांच्या स्लाइडांची खोकी मुलांकडे जातात, आणि खोक्यांवर काहीच लिहिलेले नसेल तर ती रद्दीत जायला वेळ लागत नाही. चूक मुलांची नाही. वेळीच विचारून लिहून घेणे हे आम्हा मंडळींचे काम होते.

आमच्या मंडळाने गेल्या हिवाळ्यात त्रैमासिक बंद केले आणि टेबलाभोवती आता सात जण असतात. मी त्या आजोबांकडे दर शनिवारी स्लाइडांचे एक खोके घेऊन जातो. ते स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून स्थानक, ऋतू, इंजिन सांगतात आणि मी टिपून घेतो. एकतीसपैकी चार खोकी झाली आहेत. येत्या शनिवारी याच रेल्वेवरच्या कॅडोशिया स्थानकाचे खोके उघडायचे आहे.