पार्किंगमध्ये रेफ्री नसतो

कोल्हापुरात कॉलेजचा फुटबॉल संघ सांभाळायचा म्हणजे पेठाही सांभाळाव्या लागतात. शाहू स्टेडियमवर सीझनमध्ये माझीच पोरं आपापल्या पेठेतल्या तालमीच्या संघाकडून एकमेकांविरुद्ध उतरतात, आणि विद्यापीठाच्या स्पर्धा आल्या की त्याच पोरांनी एक जर्सी घालून एकमेकांना पास द्यायचा. बहुतेक जण मनापासून देतात. पण सीझनमधली खुन्नस कुठे मुरून बसलेली असते ते सांगता येत नाही.

विभागीय फायनल दोन दिवसांवर होती. सकाळची प्रॅक्टिस संपवून मी जिमखान्यात बॉल मोजून आत ठेवत होतो, तेवढ्यात एक पोरगं धावत आलं. "सर, पार्किंगात मारामारी लागलीया!"

जाऊन बघतो तर आमचा गोलकीपर एका स्कूटरला टेकून उभा. दात ओठात घुसलेला, जर्सीची कॉलर रक्तानं भिजलेली. चार जणांनी ज्याला धरून ठेवलं होतं तो आमचा स्ट्रायकर, संघाचा सगळ्यात मोठा भरवसा. कारण काय, तर गेल्या सीझनमध्ये त्यानं बाहेर मारलेल्या पेनल्टीचा व्हिडिओ कीपरनं स्टेटसला ठेवला होता.

आधी कीपरला घेऊन दवाखान्यात गेलो. ओठाला तीन टाके पडले आणि डॉक्टरांनी मैदान बंद केलं. त्याच्या वडिलांना मी स्वतः फोन केला, झालं ते सगळं सांगितलं. पोलिसांत तक्रार द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, दिलीत तर मी साक्षीला येईन, असंही सांगितलं. कॉलेजचं नाव जपायला मार खाल्लेल्या पोराला गप्प बसवणं मला कधीच पटलेलं नाही. त्यांनी तक्रार दिली नाही. "सर, तुम्ही काय करताय ते बघतो," एवढंच म्हणाले. प्राचार्यांकडे मी दोघांच्या जबाबासह लेखी अहवाल दिला.

दुपारपासून फोन सुरू झाले. पेठेतले एक जाणते कार्यकर्ते म्हणाले, "सर, पोरांचं भांडाण हाय, मिटवून टाकूया. मॅच होऊ दे, मग काय ती शिक्षा द्या." स्टाफरूममध्येही तोच सूर. फायनल बघायला विद्यापीठाचे निवड समितीवाले येणार होते. स्ट्रायकर कलर होल्डर होणार, म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवडला जाणार, हे सगळे धरून चालले होते. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांत हे स्वप्न आहे. ते मोडायला मला काय हौस होती?

पण हेच सामन्यात झालं असतं तर रेफ्रीनं जागेवर रेड कार्ड काढलं असतं आणि पुढचा सामना आपोआप गेला असता. पार्किंगमध्ये रेफ्री नसतो. तिथला निर्णय कोचनंच घ्यायचा. ज्यानं मारलं तो फायनल खेळणार आणि ज्यानं मार खाल्ला तो ओठाला टाके घेऊन बाकावर बसणार, हे मी कोणत्या तोंडानं कीपरला सांगणार होतो? गोल करणाऱ्याला एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा, हे पोरांच्या लगेच ध्यानात येतं. मग त्या संघाला कसलीच शिस्त लावता येत नाही.

संध्याकाळी स्ट्रायकरची आई आली. दारातच उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसेना. "मी धुण्याभांड्याला जातो सर. भिशीच्या पैशातनं बूट घेतलंय त्याला. मॅचला नका घेऊ, खरं खेळ बंद करू नका. घरात बसलं तर नासंल पोरगं."

माझ्या मनातही तेच होतं. वाया जाईल अशी भीती वाटणाऱ्या पोराला मैदानाबाहेर हाकलणं सोपं असतं. पण मग सकाळी साडेसहाला त्याला विचारणारं कोण उरतं?

दुसऱ्या दिवशी आधी कीपरला बोलावून सांगितलं, मग सगळ्या संघासमोर बोललो. स्ट्रायकरला फायनल नाही. कीपरला डॉक्टर परवानगी देईपर्यंत एकही सामना नाही. पण प्रॅक्टिस चुकवायची नाही, मैदानावर सरावाचे प्लास्टिकचे कोन लावायचे, आणि कीपर परत आला की रोज त्याला शॉट मारून सराव द्यायचा.

"मॅचच न्हाई तर येऊ कशाला?" तो म्हणाला, आणि बॅग उचलून गेला.

फायनल आम्ही एका गोलनं हरलो. गॅलरीतून माझ्या नावानं बरंच काही ऐकू आलं. विद्यापीठाच्या यादीतही त्याचं नाव लागलं नाही. त्याचं दुसरं वर्ष होतं, म्हणून पुढच्या वर्षीची एक संधी शिल्लक होती, एवढंच मी त्याच्या आईला सांगू शकलो.

सामन्यानंतरच्या सोमवारी तो आला, उशिरा, चप्पल घालून. मी म्हटलं, बूट घालून ये. तो घरी जाऊन बूट घालून आला आणि न बोलता कोन लावायला लागला.

दोघांचं अजून फारसं बोलणं नाही. मीही गळाभेटी घडवून आणायला गेलो नाही. कॉर्नरला मात्र कीपर त्याच्या नावानं ओरडतो, "फर्स्ट पोस्ट धर!" आणि तो धावत जाऊन पोस्ट धरतो.