डेंग्यूचा विषाणू वाढतो कसा, आणि हौद पाण्याच्या दिवशीच का घासायचा

पावसाळा लागला की सोलापुरात घरटी एक तरी तापाचा पेशंट असतो, आणि दवाखान्यात हमखास एक प्रश्न येतो: "डॉक्टर, अँटिबायोटिक का नाही दिलं?" डेंग्यूचा विषाणू वाढतो कसा हे कळलं की या प्रश्नाचं उत्तर मिळतं. रक्त कधी तपासायचं, ताप उतरल्यावर काळजी का घ्यायची आणि हौद किती दिवसांनी घासायचा, हेही त्यातूनच ठरतं.

अँटिबायोटिक जिवाणूच्या पेशीभित्तीवर किंवा त्याच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं विणणाऱ्या यंत्रावर, घाव घालतं. विषाणूकडे यातलं काहीच नसतं. तो खात नाही, श्वास घेत नाही, एकाचे दोन होत नाही. डेंग्यूचा विषाणू जेमतेम ५० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर २० हजार ओळीने बसतील. आत आरएनएचा, म्हणजे विषाणूची माहिती साठवणाऱ्या रेणूचा, एकपदरी धागा, सुमारे १०,७०० अक्षरांचा. त्याभोवती प्रथिनाचं कवच, वर चरबीचं पातळ आवरण, आणि त्यावर 'ई' नावाच्या प्रथिनाचे १८० रेणू. अख्ख्या धाग्यात माहिती असते ती फक्त १० प्रथिनांची. बाकी सगळं आपल्या पेशीकडून वसूल केलं जातं.

डास चावला की विषाणू आधी त्वचेतल्या संरक्षक पेशींना चिकटतो. पेशी त्याला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते. त्या पिशवीत आम्लता वाढते आणि तिथेच घात होतो: आम्लतेमुळे 'ई' प्रथिनाचा आकार बदलतो, विषाणूचं आवरण पिशवीच्या भिंतीशी एकजीव होतं आणि आरएनए पेशीद्रवात उतरतो. या घडीला विषाणू म्हणून काहीच उरलेलं नसतं. पण तो धागा असा असतो की आपले रायबोसोम तो थेट वाचू शकतात. ते त्यावरून सुमारे ३,४०० अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या मण्यांची) एकच लांबलचक साखळी विणतात. मग काही विषाणूची, काही पेशीचीच विकरं (कात्रीसारखं काम करणारी प्रथिनं) तिचे तुकडे करतात. ३ प्रथिनं नव्या विषाणूच्या बांधणीला जातात, उरलेली ७ आतली कामं करतात.

त्यातलं 'एनएस५' आरएनएची नक्कल करतं. आधी उलटा धागा, मग त्यावरून सुलट्या प्रती, एकामागून एक. चुका तपासायची सोय त्याच्याकडे नाही, त्यामुळे जवळपास प्रत्येक प्रतीत एखादं अक्षर चुकतं. नवे कण पेशीच्या आतल्या पडद्यांवर बांधले जातात, पण तेव्हा ते कच्चे असतात. बाहेर पडण्याच्या वाटेवर आपल्याच पेशीतलं फ्युरिन हे विकर त्यांच्यावरचं एक प्रथिन कापतं, तेव्हा ते संसर्ग करण्याजोगे होतात. आत शिरल्यापासून नवे कण बाहेर पडायला लागेपर्यंत साधारण अर्धा दिवस जातो.

आता तपासणी. 'एनएस१' हे प्रथिन पेशीतून रक्तात सोडलं जातं, म्हणून तापाच्या पहिल्या ५ दिवसांत ते सापडतं. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, साधारण पाचव्या दिवसापासून. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून 'निगेटिव्ह आलं' म्हणून निर्धास्त राहणं चूक, आणि आठव्या दिवशी फक्त एनएस१ करणंही चूकच. ताप कुठल्या दिवशी सुरू झाला ते लिहून ठेवा आणि लॅबला सांगा. कार्डवरची झटपट तपासणी फक्त अंदाज देते. पक्कं निदान एलायझा या प्रयोगशाळेतल्या तपासणीवर होतं, आणि त्यातल्या आयजीएमचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते.

ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो. रक्तातले विषाणू तेव्हा कमी होत आलेले असतात, पण शरीराच्या प्रतिकाराचा भडका उडालेला असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरायचा धोका याच वेळी असतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, पेशंट मलूल: यातलं एक जरी दिसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको, रक्तस्राव वाढतो.

ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ताप असेपर्यंत पेशंटच्या रक्तात विषाणू असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, म्हणून पेशंटला मच्छरदाणी दिवसाही हवी. पेशंटला चावलेल्या डासाच्या आतड्यातून विषाणू त्याच्या लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचायला ८ ते १२ दिवस लागतात. नंतर तो डास जगेल तोवर रोग पसरवतो.

हा डास आपण साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून आपल्याकडे हौद, बॅरल, रांजण, नळासाठी केलेला खड्डा, सगळं भरलेलं. पूर्व भागातल्या दाटीच्या घरांत तर दारातच बॅरलची रांग. पाणी साठवू नका असं कुणी सांगू नये, ते शक्यच नाही. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात, तेवढ्यात आपण मध्ये पडायचं.

मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला चिकटवते. खसखशीहून बारीक, काळी. कोरड्यात ती काही महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. नुसता हौद रिकामा करून परत भरला की अंड्यांचं आयतं फावतं. म्हणून पाणी यायच्या दिवशी, हौद तळाला गेलेला असताना, काथ्या किंवा तारेच्या ब्रशने कडेला पाण्याच्या ओलीने उमटलेली रेघ जोर लावून घासा. उरलेलं पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्या, टाकू नका. गाळलेला गाळ आणि धुतलेलं पाणी गटारात न सोडता कोरड्या मातीवर ओता. मग भरा आणि कडेने घट्ट बांधता येईल असं कापड झाका. पत्रा टाकला तर फट राहते.

अळ्या आहेत का पाहायचं तर टॉर्च मारा आणि थांबा. प्रकाश पडला की त्या वळवळत तळाला जातात, श्वासासाठी मिनिटा-दोन मिनिटांत वर येतात. घाईत डोकावणाऱ्याला हौद स्वच्छच दिसतो.

कुलरचंही तेच. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना तो रात्रंदिवस चालतो, जूनमध्ये टाकीत पाणी तसंच ठेवून माळ्यावर जातो. ठेवण्याआधी टाकी घासा, वाळ्याच्या जाळ्या उन्हात खडखडीत वाळवा, आणि पुढच्या वर्षी पाणी भरण्याआधी टाकी पुन्हा एकदा घासा.