एकच सर्व्हर असलेल्या वर्कशॉपसाठी हायपरवायझर निवडताना: बडोद्यातला माझा अनुभव

मकरपुरा जीआयडीसीत काकांचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे आणि तिथल्या कॉम्प्युटरांचं सगळं माझ्याकडे असतं. एक टॉवर सर्व्हर, त्यात हायपरवायझर (एकाच मशीनवर अनेक स्वतंत्र कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर तीन व्हीएम, म्हणजे असे आभासी कॉम्प्युटर: टॅलीचं विंडोज, ड्रॉइंगच्या फायलींसाठी लिनक्स आणि हजेरीच्या थंब मशीनचं जुनं सॉफ्टवेअर. पसारा एवढाच. पण टॅली बंद पडली की बिल निघत नाही, बिल नाही तर ई-वे बिल नाही, आणि माल भरलेला टेम्पो गेटवर उभा राहतो. त्यामुळे सर्व्हर छोटा असला तरी मला तो कधीच छोटा वाटला नाही.

बरीच वर्षं हे सगळं व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरच्या फुकट आवृत्तीवर चालत होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट आवृत्ती बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली खरी, पण तोवर मी दुसरीकडे वळलो होतो, आणि त्याचं कारण नुसतं लायसन्स नव्हतं. बॅकअपच्या सॉफ्टवेअरना लागणारा एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरला हायपरवायझरशी बोलायची वाट) फुकट ईएसएक्सआयमध्ये खुला नसतो. म्हणजे व्हीएम उत्तम चालतात, पण चालू व्हीएमचा रोजचा बॅकअप घ्यायचा तर आडमार्ग शोधावा लागतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मी दांडिया बाजारातल्या घरी अडकलो होतो. वर्कशॉप कोरडं राहिलं, पण मकरपुऱ्यापर्यंत पोचायची सोय नव्हती. तेव्हाच माझी कसोटी ठरली: सर्व्हर मेलाय, मी तिथे नाहीये, अशा वेळी अकाउंट्स बघणाऱ्या बेन (गुजरातीत ताई) राखीव मशीनवर टॅली उभी करू शकतील का? हायपरवायझरच्या तुलना वाचल्या तर वेग, फीचर्स, क्लस्टर (अनेक सर्व्हरची जोडणी) यांवर पानंच्या पानं सापडतात. एकच सर्व्हर असलेल्या माणसाला त्यातलं फार थोडं कामाचं असतं. त्याला रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून पुन्हा उभं करणं, लागतं.

पर्याय शेवटी तीनच उरले. पहिला म्हणजे साध्या लिनक्सवर केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरवायझर) आणि लिबव्हर्ट (तो सांभाळायचं साधन). केव्हीएम २००७ पासून, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२० पासून, लिनक्समध्येच आहे, त्यामुळे भरवशाचा प्रश्न नाही. घरी शिकायला मी आजही हेच सुचवेन. पण बॅकअपच्या स्क्रिप्ट आपल्या आपण लिहायच्या आणि त्या आपल्यालाच कळणार. माझ्या कसोटीत ते बसत नव्हतं.

दुसरा एक्ससीपी-एनजी, आणि त्यावर मी मनापासून वेळ घालवला. मुळात झेन हा हायपरवायझर, जो २००३ च्या सुमाराला केंब्रिज विद्यापीठातून बाहेर आला. झेनवर बेतलेल्या झेनसर्व्हरपासून फुटून २०१८ मध्ये एक्ससीपी-एनजी झालं आणि आता फ्रान्समधली वेट्स कंपनी ते सांभाळते. झेन ऑर्केस्ट्रा हे त्याचं व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर मला फार आवडलं. घेतलेला बॅकअप आपोआप रिस्टोअर करून, व्हीएम सुरू होते का ते बघून, पुन्हा पुसून टाकायची सोय त्यात आहे. ज्यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली त्यांना बॅकअप म्हणजे काय हे नेमकं कळलंय. तयार अप्लायन्सची (आधीच बसवून दिलेल्या व्हीएमची) सगळी फीचर्स हवी असतील तर पैसे पडतात, पण सोर्सवरून स्वतः उभारलं तर सगळं मोकळं आहे.

मग नाही का घेतलं? बॅकअपचा कारभार झेन ऑर्केस्ट्रा बघतं आणि ते स्वतः एक व्हीएम असतं. एकच होस्ट (व्हीएम चालवणारं मशीन) असेल आणि तोच गेला, तर आधी ऑर्केस्ट्रा दुसरीकडे उभं करायचं, मग त्यातून टॅली. मला ते जमेल. बेनना फोनवरून सांगून करून घेणं अवघड. शिवाय राखीव म्हणून ठेवलेला डेस्कटॉप अगदी साधा, रियलटेकच्या नेटवर्क चिपचा. एक्ससीपी-एनजी ८ च्या मुख्य डोमेनचा (होस्ट सांभाळणाऱ्या भागाचा) कर्नल ४.१९, बराच जुना, त्यामुळे असल्या घरगुती मशीनवर नव्या चिपची खात्री देता येत नाही. दोन-तीन नीट सर्व्हर आणि वेगळं स्टोअरेज असतं तर मी एक्ससीपी-एनजीच घेतलं असतं, हे मात्र नक्की.

राहिलं प्रॉक्समॉक्स. व्हिएन्नाची कंपनी, पहिली आवृत्ती २००८ ची, खाली डेबियन लिनक्स, आत केव्हीएम आणि एलएक्ससी कंटेनर (व्हीएमपेक्षा हलके, लिनक्सपुरते कप्पे). होस्ट उभा राहिला की ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर सगळं समोर येतं, वेगळा मॅनेजर लागत नाही. बॅकअपच्या जागेवर क्लिक, फाइल निवडा, रिस्टोअर. कसोटीचं उत्तर इथेच मिळालं.

काकांचा पहिला प्रश्न धंदेवाल्याचा होता. "फुकट देतात तर ते लोक खातात काय? उद्या बंद केलं तर?" मी सांगितलं, काका, ते सबस्क्रिप्शनवर चालतात, प्रोसेसरच्या सॉकेटमागे वर्षाचे पैसे. त्यात जास्त तपासलेली अपडेट आणि वरच्या प्लॅनमध्ये मदतही मिळते. न भरता वापरलं तर नो-सबस्क्रिप्शन रिपॉझिटरीवरून (अपडेटच्या फुकट साठ्यावरून) अपडेट येतात आणि लॉगिन केल्यावर एक सूचना दिसते, बस. कोड एजीपीएल ३ या मुक्त लायसन्सखाली आहे, त्यामुळे कंपनीनं उद्या काहीही ठरवलं तरी आज हातात असलेलं कोणी काढून घेऊ शकत नाही. काका म्हणाले, "मग एका सॉकेटचे भर. ज्याचं खातो त्याचे पैसे द्यावेत." मलाही तेच बरं वाटलं.

आता हलवाहलवीबद्दल, कारण विंडोज इथेच अडून बसतं. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरून व्हीएम थेट ओढून घ्यायचा विझार्ड आहे. निघण्याआधी जुन्या विंडोजमधून व्हीएमवेअर टूल्स काढून टाकायची. मग इम्पोर्ट करताना डिस्क साटा (नेहमीची जोडणी) म्हणून लावायची, कारण विंडोजकडे व्हर्टआयओचा (व्हीएमसाठीच्या वेगवान आभासी जोडणीचा) ड्रायव्हर अजून नसतो आणि त्या डिस्कवरून ते सुरूच होत नाही. सुरू झालं की व्हर्टआयओची आयएसओ (सीडीसारखी फाइल) लावून ड्रायव्हर आणि गेस्ट एजंट (होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम) टाकायचे. मग युक्ती अशी: एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझी (व्हर्टआयओची डिस्क जोडणी) म्हणून जोडायची. ती डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसली म्हणजे विंडोजनं ड्रायव्हर खरोखर उचलला. मग व्हीएम बंद करून मूळ डिस्क साटावरून काढायची, स्कझीवर लावायची, बूट ऑर्डरमध्ये तिच्यावर खूण करायची आणि एक जीबीची ती डिस्क फेकून द्यायची. ही पायरी गाळली की निळा स्क्रीन ठरलेला.

टॅलीचं लायसन्स मशीनच्या ओळखीशी बांधलेलं असतं, म्हणून हलवण्याआधी ते सरेंडर करून नव्या जागी पुन्हा ॲक्टिव्हेट केलं. रिस्टोअर करताना 'युनिक' नावाचा एक चौकोन असतो, त्यावर टिक करायची नाही. टिक केली तर नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस (त्याचा ओळख क्रमांक) नवा पडतो आणि लायसन्सला मशीन वेगळं वाटू शकतं. प्रोसेसरचा प्रकारही 'होस्ट' न ठेवता एक्स८६-६४-व्ही२-एईएस ठेवला, म्हणजे सर्व्हर इंटेलच्या झिऑनचा आणि राखीव मशीन एएमडीच्या रायझेनचं असलं तरी विंडोजला आतून प्रोसेसरची फीचर्स तीच दिसतात.

मुख्य सर्व्हर आणि राखीव डेस्कटॉप यांचं क्लस्टर केलं नाही. दोनाच्या क्लस्टरमध्ये एक मेला की दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही आणि कमांड दिल्याशिवाय तो व्हीएम सुरू करू देत नाही. ऐन गरजेच्या वेळी बेनना टर्मिनल उघडायला कोण सांगणार? त्यापेक्षा दोन्ही सुटे. राखीव मशीनवरच प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरही बसवलाय. वेगळ्या मशीनवर ठेवणं जास्त चांगलं, पण मग बेनना दोन ठिकाणी बघावं लागलं असतं. पहिल्या बॅकअपनंतर रोज रात्री फक्त बदललेले तुकडेच येतात. घरी दांडिया बाजारात वरच्या मजल्यावर जुन्या मशीनमध्ये दुसरा बॅकअप सर्व्हर आहे, तो पहाटे वायरगार्डमधून (इंटरनेटवरच्या खासगी, सुरक्षित वाटेनं) तेच तुकडे ओढून घेतो. पाणी वर्कशॉपात शिरलं तरी डेटा शहराच्या दुसऱ्या भागात असतो.

बॅकअप एन्क्रिप्ट केले आहेत. किल्ली हरवली तर ते कुणालाच उघडता येत नाहीत, मलाही नाही. म्हणून किल्ली क्यूआर कोडसकट कागदावर छापून काढली. तो कागद काकांनी जमिनीच्या दस्तऐवजांसोबत तिजोरीत ठेवलाय, आणि त्याची जागा तीच आहे.

परीक्षा एका रविवारी झाली. मुख्य सर्व्हर मी बंद केला आणि बाजूला बसलो. बेनसमोर गुजरातीत लिहिलेला एका पानाचा कागद, प्रत्येक पायरीला स्क्रीनचं चित्र. त्यांनी राखीव मशीनवर लॉगिन केलं, कालची तारीख निवडली, रिस्टोअर दाबलं. लाइव्ह रिस्टोअरचाही पर्याय असतो, त्यात डेटा येत असतानाच व्हीएम चालू होते, पण मधेच काही तुटलं तर तोवर केलेल्या नोंदी जातात, म्हणून कागदावर मी तो ठेवलाच नाही. चहा होईतो विंडोज आलं. टॅली उघडली, लायसन्सनं कुरकुर केली नाही. बेननी एक जुनं बिल प्रिंटला दिलं आणि प्रिंटर चालला. मग त्यांनी विचारलं, "पण ११ तारखेला जीएसटीआर-१ च्या दिवशी असं झालं, तर आज सकाळच्या एंट्र्या जाणार ना?" प्रश्न बरोबर होता. त्या दिवसापासून महिन्याच्या १ ते २० तारखेपर्यंत टॅलीचा बॅकअप दर दोन तासांनी घेतला जातो. त्या काळात थ्रीबीचंही (जीएसटीआर-३बी या दुसऱ्या रिटर्नचं) काम चालू असतं.

आता प्रॉक्समॉक्सच्या आवृत्ती ८ वरून ९ वर जायचंय. खाली डेबियन १२ चं १३ होतं, आणि आधी तपासायला पीव्हीई८टू९ नावाची स्क्रिप्ट त्यांनीच दिली आहे. पहिला नंबर राखीव मशीनचा. ते झालं की त्यावर बेननी पुन्हा टॅली रिस्टोअर करायची, प्रिंट निघाली तरच मुख्य सर्व्हरला हात लावायचा, असं आमचं ठरलंय.