कापणीच्या सणाचं धान्य टीबीच्या रुग्णाच्या घरी

खानदेशातल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दानाचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे कापणीचा सण. काही गावांत तो दिवाळीच्या आगेमागे होतो, काही ठिकाणी दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, घरात आल्यावर. ज्वारी-बाजरीची पोती, उडीद, मूग, मका, केळीचे घड, भरताची वांगी, लाल मिरची, कापसाचं गाठोडं, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वेदीसमोर येतं. उपासना संपली की लिलाव होतो, रोकड खजिनदाराकडे जमा होते आणि पुढच्या पंचकमिटीत, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीत, ती छपराला, रंगाला किंवा स्पीकरला लागते. छप्पर गळत असेल तर ते दुरुस्त व्हायलाच हवं. पण शेतकऱ्याने आपल्या पिकातला पहिला वाटा आणून ठेवला, त्यातला काही भाग तरी अन्न म्हणूनच गरजूच्या घरात गेला पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. आणि त्यासाठी टीबीचा रुग्ण असलेल्या घराइतकं योग्य घर दुसरं नाही.

टीबीत औषध सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतं, पण ते लागू पडायला अंगात काहीतरी असावं लागतं. २०२३ साली झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाला म्हणजे फक्त २ किलो. त्याच अभ्यासात रुग्णासोबत घरातल्या बाकीच्यांनाही शिधा दिला, त्या घरांत टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. सातपुड्यातल्या पाड्यांवर एका खोलीत पाच-सहा माणसं झोपतात. तिथे या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

टीबीच्या रुग्णांना असा शिधा पुरवण्याच्या सरकारी योजनेचं नाव नि-क्षय मित्र. सप्टेंबर २०२२ पासून ती सुरू आहे आणि व्यक्ती, कंपनी, मंडळ, चर्च, कुणीही मित्र होऊ शकतं. पोर्टलवर नोंदणी करायची, जिल्हा आणि तालुका निवडायचा, किती रुग्ण आणि किती काळासाठी घेणार ते लिहायचं. किमान मुदत ६ महिने. त्यानंतर तालुक्याचे टीबी पर्यवेक्षक, ज्यांना सगळे एसटीएस म्हणतात, संमती दिलेल्या रुग्णांची यादी देतात. पहिली चूक इथेच होते. उत्साहात ५० रुग्ण लिहून टाकतात आणि तिसऱ्या महिन्यात शिधा बंद पडतो. अर्ध्यात सोडण्यापेक्षा पाच जण घ्या आणि सहाही महिने पार पाडा.

प्रौढ रुग्णासाठी महिन्याचा ठरलेला शिधा असा: ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, २५० ग्रॅम तेल, आणि १ किलो दूध पावडर किंवा तेवढेच शेंगदाणे. आपल्याकडे शेंगदाणेच बरे. घराघरात चटणीत, भाजीत, कुटात ते जातातच, आणि दूध पावडर उघडली की दमट हवेत तिच्या गुठळ्या होतात. पाच रुग्णांचा सहा महिन्यांचा हिशोब मांडला तर ९० किलो धान्य, ४५ किलो डाळी, साडेसात किलो तेल आणि ३० किलो शेंगदाणे लागतात. मध्यम मंडळीच्या सणाला एवढं धान्य सहज येतं. डाळी मात्र तेवढ्या येत नाहीत.

आणि खरी गरज डाळींचीच असते. प्राधान्य गटाचं रेशनकार्ड चालू असलेल्या घरात माणशी महिना ५ किलो धान्य येतं, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. भाकरी पोटात जाते, पण तिच्यासोबत काय, हा प्रश्न उरतो. म्हणून सणाच्या दिवशी आलेली ज्वारी-बाजरी लागेल तेवढीच बाजूला काढून बाकीची लिलावात द्यावी, आणि त्या पैशातून उडीद, तूर, मूग, शेंगदाणे घ्यावेत. ज्यांच्या शेतात उडीद होतो त्यांना सणाच्या आधी महिनाभर सांगून ठेवलं तर ते उडीदच आणतात. उडदाचा आणखी एक फायदा आहे. ज्वारीत मिसळून दळला की कळणा होतो. कळण्याची भाकरी, वर ठेचा आणि कच्चं तेल हे रुग्णाच्या तोंडाला चव नसतानाही जातं. वेगळी डाळ शिजवायला सरपण आणि वेळ लागतो, तोही वाचतो. ज्या घरातलं कार्ड बंद पडलंय किंवा नावं वगळली गेलीत, तिथे मात्र धान्यही पूर्ण द्यावं लागतं. त्यामुळे यादी हातात आल्यावर पहिला प्रश्न कार्डाचा विचारायचा.

पीठ देऊ नका, धान्यच द्या. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू व्हायला लागतं. दळणाचे पैसे सोबत पाकिटात घातले तर उत्तम.

साठवण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सणाला आलेलं धान्य वेगवेगळ्या घरांतलं असतं, काही पुरतं वाळलेलं, काही दमट. सगळं एकाच कोठीत ओतलं की एका पोत्यातली कीड सगळ्यात पसरते. आधी दोन दिवस कडक ऊन द्यायचं आणि थंड झाल्यावर भरायचं, कारण गरम धान्य बंद केलं तर आतून घाम धरतं. पत्र्याची कोठी भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर ठेवायची, तळाशी आणि मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. उडीद-मुगाला भुंगा लवकर लागतो, म्हणून त्यांना एरंडेलाचा हात लावतात. किलोला चमचाभर पुरे. सल्फासच्या, म्हणजे धान्यातली कीड मारण्याच्या विषारी गोळ्या कोठीत टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. चर्चच्या बंद खोलीत, शेजारी पाळकांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, घर असताना, ती अजिबात नको. त्या गोळीतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. शेंगदाण्यातले काळे, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकायचे, ते कोंबड्यांनाही घालायचे नाहीत. हे निवडण्याचं काम भगिनी मंडळाच्या एका दुपारी होऊन जातं.

वाटपात फोटो नको. टीबी झालेल्या सुनेला माहेरी धाडणारी घरं अजून आहेत, लग्न मोडल्याची उदाहरणं आहेत. रुग्णाचं नाव रविवारी प्रार्थनेच्या विनंतीत घेणं हेसुद्धा चुकीचंच, हेतू कितीही चांगला असला तरी. मंडळीला सांगायचं ते फक्त पाच रुग्णांना शिधा गेला एवढंच. नावं पाळक आणि एका जबाबदार माणसाकडे. पिशवीवर चर्चचं नाव छापू नये. पोहोचवायची उत्तम जागा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, औषधं न्यायला रुग्ण येतो तो दिवस. तिथेच वजन होतं, ते कार्डावर लिहिलं जातं, आणि शिधा खरंच अंगी लागतोय का ते कळतं. दोन महिने वजन हललं नाही तर शिधा घरातल्या सहा तोंडांत वाटला जातोय का ते विचारावं. तसं असेल तर रुग्णाला रागवायचं नाही, घरासाठी वेगळा वाटा सुरू करायचा.

शिधा घेणारा कुठल्या देवाला हात जोडतो, हे विचारायचं काम नाही. उपासनेला यावं अशी अट, सूचना, आडून आग्रह, काहीच नको. यादी सरकारी केंद्राची असल्यामुळे त्यात भिल्ल, पावरा, मावची, मुसलमान, मराठा सगळे येतात, आणि तसंच असावं.

स्थलांतराचं गणित आधीच करून ठेवावं लागतं. दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याकडची कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. रुग्ण मध्येच गेला तर औषध तुटतं. ऑक्टोबरमध्येच एसटीएसला विचारून जाणाऱ्यांची नावं घ्यायची, त्यांना दोन महिन्यांचा कोरडा शिधा एकदम द्यायचा आणि नि-क्षय क्रमांक, म्हणजे रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचा. तो क्रमांक दाखवला की दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी दुसऱ्या राज्यातही उपचार पुढे चालू राहतात. पोषणासाठीचे सरकारचे महिन्याचे १,००० रुपये, जे नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते, थेट रुग्णाच्या बँक खात्यात येतात. खातं बंद किंवा आधार न जोडलेलं असेल तर ते अडकतात. मंडळीतल्या एखाद्या बँकेत काम करणाऱ्या किंवा निवृत्त माणसाने या एका कामात अर्धा दिवस दिला तर तो शिध्याइतकाच मोलाचा.

आता लिलावाकडे. बोली बोलणारे पुष्कळ, पण पैसे नंतर देतो म्हणणारेही पुष्कळ. एक डझन अंडी ५०० ला जातात, घेणारा ती परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. आनंदाची गोष्ट आहे, फक्त प्रत्येक बोलीची वेगळी ओळ वहीत हवी: वस्तू, नाव, रक्कम, रोख की बाकी. बाकीची यादी त्याच संध्याकाळी दोघांच्या सहीने बंद करायची आणि महिन्याच्या आत वसूल करायची. नंतर मागणाऱ्यालाच वाईट वाटायला लागतं. केळीचे घड आणि वांगी आधी काढा, दुपारपर्यंत थांबलात तर माल सुकतो. कोंबड्या सावलीत, पाणी ठेवून. कापूस लिलावात काढू नका, व्यापाऱ्याला वजनावर द्या आणि त्याची पावती वहीला जोडा.

शिधा निधी म्हणून आलेला पैसा वेगळ्या खात्यात किंवा निदान वेगळ्या खतावणीत ठेवायचा. त्यातून रंगकाम झालं तर देणारे पुढच्या वर्षी हात आखडता घेतात, आणि ऑडिटमध्ये धर्मादाय आयुक्त कार्यालयापुढे उत्तर द्यावं लागतं ते वेगळं. मंडळीबाहेर गावात वर्गणी फिरवायची असेल तर त्या कार्यालयाची परवानगी आधी घ्या. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांनी पैसे पाठवतो म्हटलं तर पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याचं दान चालतं, परदेशी नागरिकाचं एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. देणगीवर मिळणारी प्राप्तिकराची ८०जी सवलत धार्मिक कामासाठीच असलेल्या चर्च ट्रस्टला सहसा नसते, तेव्हा पावती देताना तसं कबूल करू नका. ज्यांना ती सवलत हवी, त्यांनी ८०जी असलेल्या एखाद्या दवाखान्याला किंवा संस्थेला थेट चेक द्यावा. रोख २,००० च्या वर गेली तर तिथेही सवलत मिळत नाही.

शिध्यासोबत एक काम जोडता येतं ते रक्तदानाचं. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे, बाळंतपणातही रक्त लागतं, आणि मे महिन्यात रक्तपेढ्या रिकाम्या होतात. चर्चचा हॉल, टेबलं आणि तरुण संघ तयारच असतो. पण शिबिर शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ठेवू नका. उपास केलेला माणूस रक्त देऊन उभा राहिला की चक्कर येऊन पडतो. ईस्टरनंतरचा एखादा रविवार, सकाळी सात ते दहा, कारण त्यानंतर पारा कुठे जातो ते जळगाव-भुसावळच्या माणसाला माहीत आहे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषाला दोन दानांत ९० दिवसांचं अंतर, बाईला १२० दिवसांचं. बऱ्याच बाया हिमोग्लोबिनवर परत जातात. त्यांना नुसतं नाही म्हणून पाठवू नका. आकडा चिठ्ठीवर लिहून द्या आणि त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू होतील असं आशाताईंना सांगून ठेवा.