आमच्याकडं भरती नसते

परवा दुपारी शर्टाचं बटण लावायला दोरा शोधत होतो तर शिवणाच्या डब्यात एक गळ सापडला. पांढऱ्या केसांचा, वर हिरवी छटा, पुढं दोन शिशाचे डोळे. भाच्याचा असणार, दिवाळीत आला होता तेव्हा रात्री माझ्याच टेबलावर कोंबडीची पिसं आणि कसले कसले केस घेऊन फ्लाय, म्हणजे गळावरचं खोटं आमिष, बांधत बसलेला. कोरडी असताना दाढीच्या ब्रशचं पिल्लू दिसते, पण पाण्यात गेली की केस मिटतात आणि बोटभर मासा पळाल्यासारखा वाटतो. बटण राहिलंच, ते अजून राहिलंय.

भाचा गुहागरला नोकरीला आहे आणि त्याला हे फ्लाय फिशिंगचं वेड तिकडंच लागलं. सांगलीत वाढलेल्या पोराला खाडीचं वेड लागावं हे मला आधी पटलंच नव्हतं. आपलं कसं, काठी, तंगूस, गळाला गांडूळ नाहीतर कणीक, थर्माकोलचा तुकडा, आणि बसायचं. मासा येतो तर येतो. ह्यांचं उलटं, आमिषाला वजन नावापुरतं, खरं वजन दोरीत, ती जाड रंगीत दोरी डोक्यावरून मागं-पुढं झुलवत हवेत लांबवायची आणि मग सोडायची. त्यासाठी मागं मोकळी जागा लागते, सुरूचं झाड आलं की संपलं. ओढून घेतलेली दोरी पायाशी पाण्यात वाहत जाऊ नये म्हणून त्यानं कपडे धुवायचा प्लास्टिकचा टब कापून कमरेला बांधलेला. आमच्या ताईनं तो बघितला असता तर आधी टबाचंच विचारलं असतं.

तर त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा दाभोळच्या फेरीबोटीनं धोपाव्याला उतरलो आणि खाडीच्या काठाकाठानं बरंच चाललो. ओहोटी लागलेली. त्याचं म्हणणं, भरतीला कोळंबी आणि बारीक मासा आत पाणथळीत शिरतो, पाणी उतरायला लागलं की त्या सगळ्यांना एका तोंडातून बाहेर पडावं लागतं, आणि तिथंच जिताडा, तांबोशी, रावस टपून असतात. आपण फक्त त्या धारेच्या आडवी फ्लाय टाकायची आणि पाण्याला वाहून नेऊ द्यायची. 'चल मामा, गुडघाभर तर आहे' म्हणाला आणि उतरला. मी काठावरच. सांगलीचा माणूस पाण्यात पाय टाकायच्या आधी मगर बघतो, औदुंबर-भिलवडीकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. तो म्हणाला इथं समुद्राच्या तोंडाशी मगरीचं टेन्शन नाही, पाकटाचं आहे, वाळूत पसरून पडलेलं असतं, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं, म्हणून पाऊल उचलायचंच नाही, घासत घासत न्यायचं. मग आम्ही दोघं पाय ओढत चाललो.

भरतीची वेळ त्याच्या घरमालकीण काकू कॅलेंडर न बघता सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. त्या दिवशी चतुर्दशीच होती, साडेदहाला भरती, म्हणजे साडेचारपर्यंत पाणी उतरणार. भाच्याच्या मोबाइलमधल्या तक्त्यात थोडी मिनिटं इकडंतिकडं होती एवढंच. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळसावल्यागत हलतं. मला ह्याचा जरा हेवाच वाटला. आमच्या कृष्णेच्या पाण्याला चंद्राशी काही घेणंदेणं नाही. आमची भरती व्हॉट्सअॅपवर येते, कोयनेतून इतका विसर्ग, आयर्विन पुलाजवळ पातळी इतकी. 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि ओहोटी कधी हे कुणाच्या काकू सांगू शकत नाहीत. 2019 ला 57 च्या वर गेलं तेव्हा तर सगळ्याच पाऊणपट्या बुडाल्या.

पण गंमत अशी की त्या खाडीत जे पाणी उतरत होतं त्यातलं बरंच आमचंच. कोयना खरं तर कराडला येऊन कृष्णेला समोरासमोर भिडायची, पण धरणाचं पाणी बोगद्यातनं सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडं उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत पडतं, चिपळूणवरनं दाभोळला समुद्रात. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पश्चिमेला न्यायची मुभा आहे. एरवी कृष्णा महाबळेश्वरहून निघते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत पासष्टेक किलोमीटर, पण ही बाई पाठ फिरवून 1400 किलोमीटर चालत आंध्रात हंसलदीवीला जाते. सावित्री नदीही महाबळेश्वरच्या त्याच पंचगंगेच्या देवळातली, ती मात्र शहाण्यासारखी सरळ कोकणात उतरली. मी हे सगळं भाच्याला उत्साहानं सांगत होतो. तो म्हणाला, मामा, सावली पडतीय पाण्यावर, मागं हो.

नानांनी असंच हटकलं असतं. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. आमच्या गावाला, कराडच्या खाली, ओढा जिथं कृष्णेला मिळायचा तिथंच ते बसायचे, दुसरीकडं कधी नाही. मृगाचा पहिला पाऊस झाला की ओढा तांबडा व्हायचा आणि नदी अजून निवळ, दोन्ही पाण्यांची एक रेघ दिसायची लांबवर. गळ बरोबर त्या रेघेवर. 'पानी बदलतंय तितं मासा बसतुय, त्येलाबी आयतं पायजेल.' माझं काम गोठ्यामागची गांडुळं उकरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. वाटेनं जाणारा प्रत्येकजण विचारायचा, घावलं का? नाना मान न वळवता 'न्हाय'. पिशवी पाण्यात बुडवून, वर दगड ठेवलेला, आत वाम नाहीतर शिवडा वळवळत असायचा, कधी मरळ. तरी न्हाय. खोटं बोलताना त्यांचा चेहरा इतका दुःखी व्हायचा की लोक सांत्वन करून जायचे. एकदा एकानं जाताना त्यांना वर दोन बिड्या दिल्या, हे मी स्वतः बघितलंय.

त्यामुळं असेल, कुणी मासे मिळाले का विचारलं की मला अजूनही राग येतो, अगदी बाजारातून आणले असले तरी. आणि हा भाचा! पोहोचला की लोकेशन टाकतो, फोटो टाकतो, कुठल्या दगडापाशी ते बाण काढून दाखवतो. त्या दिवशी त्याला एक तांबोशी लागली, वीतभर. ओला हात करून धरली, फोटो काढला आणि सोडली. मी बघतच राहिलो. पलीकडं एक मामा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकत होते, त्यांची पिशवी बोयांनी भरलेली, त्यांनीही बघितलं, पण ते सभ्य माणूस, काही बोलले नाहीत.

नानांची ती जागा आता नाही. काठ पुरात ढासळला, ओढ्याचं तोंड सरकलं, आणि आता त्यात बाराही महिने एकाच रंगाचं पाणी असतं. 2023 च्या मार्चमध्ये इकडं अंकली पुलाजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता तेव्हा नाना असते तर काय म्हणाले असते माहीत नाही. लोक पोत्यानं मासे नेत होते.

भाच्याला फोन केला, तुझी फ्लाय इथं राहिलीय. तर म्हणाला घेऊनच ये, अमावस्येच्या पुढंमागं ये, उधाणाची ओहोटी मिळेल. आता अमावस्येला आमच्या घरात कुणी उंबऱ्याबाहेर प्रवासाला पाऊल टाकू देत नाही, पौर्णिमेला हिच्या माहेरी लग्न आहे, आणि भांगाला येऊ नको म्हणतोय. बघू.