पंख्यावर मोबाईल रोखून

आमच्या घरी आवाजावर चालणारा स्पीकर काही टिकला नाही. पुण्याच्या चुलतभावानं दिवाळीला आणून दिला होता, सोबत वायफायचे बल्ब अन एक प्लग, प्रत्येकाला ॲपमध्ये नाव द्यायचं अन मग त्या नावानं हाक मारायची. आजीला त्यातलं एक नाव लक्षात राहील तर शपथ. ती खाटेवरून नुसता हात करे अन "तो लाव ना रे बाबू" म्हणे, आता 'तो' म्हणजे कोणता हे घरातल्या शेंबड्या पोरालाही कळते पण स्पीकरला कसं कळावं, त्याला आजीचा हात थोडाच दिसते. त्यात आमच्याकडं नेट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणजे लाईट आहे, बल्ब समोर दिसून राहिला, अन स्पीकरमधली बाई म्हणते सध्या जमत नाही. मग बाबा उठून भिंतीवरचं बटण दाबत अन माझ्याकडं पाहत. काही बोलत नसत, नुसतं पाहत.

म्हणून मला फोन रोखून वस्तू चालवायचा प्रकार जास्त पटतो. नाव लागत नाही, बोलावं लागत नाही, जे पाहिजे त्याच्याकडं रोखायचं.

याचा गरीब अवतार आमच्या घरी आधीच आहे. दोन वर्षं झाली बीएलडीसी पंखे लावले, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचे, जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खायचा, हा तीसेक वॅटमध्ये भागवते, त्यामुळं उन्हाळ्यात लाईट गेली की इन्व्हर्टर बराच वेळ दम धरते. फक्त याचा रिमोट एवढासा, कधी गादीखाली, कधी तुरीच्या पोत्यामागं, अन एकदा तर गव्हाच्या कोठीवर सापडला, तिथं तो कोणी नेला यावर घरात अजून एकमत नाही. माझ्या रेडमीला वरच्या कडेला एक काळा ठिपका आहे, तो आयआर ब्लास्टर, म्हणजे रिमोटसारखा इन्फ्रारेड उजेड सोडणारा दिवा. ॲपमध्ये पंखा निवडायचा, कंपनी निवडायची, ते एकेक कोड सोडून विचारते की पंखा हलला काय, हलला म्हटलं की रिमोट तयार. एकदा तयार झाला की नेट नाही लागत, वायफाय नाही लागत, अन महागाचा फोनही नाही लागत.

त्या ठिपक्यातून डोळ्याला न दिसणारा उजेड निघते, सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा, अन त्याच्या तुकड्यातुकड्यात कोड भरलेला असते. पंख्यातला डोळा फक्त त्याच लुकलुकीकडं लक्ष देते म्हणून खिडकीतल्या उन्हानं तो फसत नाही. पाहायचं असलं तर कोणताही रिमोट दुसऱ्या फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा अन बटण दाबा, बहुतेक फोनवर जांभळट ठिणगी दिसते. मागच्या कॅमेऱ्यात बरेचदा दिसत नाही कारण तिथं हा उजेड गाळणारी काच जाड असते. रिमोट बिघडला का पंखा हे ठरवायला आमच्या गल्लीत आता हेच करतात.

पण खरं सांगू, हे रोखणं अर्धंमुर्धंच आहे. समोरच्या खोलीत एकाच कंपनीचे दोन पंखे आहेत, मी रोखतो आजीच्या डोक्यावरच्या पंख्यावर अन थांबतात दोन्ही. उजेड चुन्याच्या भिंतीवर आपटून सगळ्या खोलीभर पसरते, अन दोघांचा कोड एकच. म्हणजे आयआर ही दवंडी आहे, ज्याला ऐकू आली तो हजर. "काहून बंद केला रे, मरून राहिली ना मी गरमीनं," आजी म्हणते, अन मे महिन्यात तिचं म्हणणं खोटं नसते.

रोखायची ही हौस जुनीच हाय म्हणा. १९५५ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली नावाच्या इंजिनियरनं फ्लॅश-मॅटिक नावाचा टीव्हीचा रिमोट काढला, पिस्तुलासारखी बॅटरी, तिचा झोत टीव्हीच्या चार कोपऱ्यांतल्या डोळ्यांवर मारायचा, एका कोपऱ्यानं आवाज बंद, दुसऱ्यानं चॅनल बदलायचं असं. अडचण एकच, ऊन पडलं की टीव्ही आपल्या मनानं चॅनल बदले. हा टीव्ही आमच्या वर्धा जिल्ह्यात आला असता तर एप्रिल ते जून एक बातमी धड ऐकू आली नसती. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीनं उजेड सोडून कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचा रिमोट काढला.

आता दोन पंख्यांचं भांडण मिटवणारी गोष्ट म्हणजे यूडब्ल्यूबी, अल्ट्रा वाईडबँड. २०१९ च्या आयफोन ११ मध्ये ही चिप आली, २०२० मध्ये सॅमसंगच्या नोट २० अल्ट्रामध्ये, अन त्याच वर्षी ऑक्टोबरात शाओमीनं दाखवलं की फोन पंख्याकडं रोखला की स्क्रीनवर पंख्याचीच बटणं येतात, दिव्याकडं वळवला की दिव्याची. यात उजेड नाही, रेडिओ आहे. फोन अतिशय बारीक ठोके सोडते, समोरची वस्तू उत्तर देते, अन जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे हे घड्याळ किती बारीक असेल पाहा. अन दिशा कशी कळते तर फोनमध्ये थोड्या थोड्या अंतरावर एकापेक्षा जास्त अँटेना असतात, एकीवर लहर कणभर आधी पोचते, दुसरीवर नंतर, त्या फरकावरून कोन काढतात. प्रत्येक वस्तूची ओळख वेगळी असल्यानं आजीचा पंखा फिरत राहते अन माझाच थांबते.

घोडं कुठं अडते तर चिप फोनमध्येही पाहिजे अन पंख्यातही. फोनमध्ये आली ती महागाच्या, अन पंखेवाल्यांना तर अजून रिमोटच नवलाचा वाटून राहिला. नुसत्या पंख्यासाठी कोणी तेवढा महाग फोन घेणार नाही, मी तरी नाही घेणार.

हे सगळं जेवताना सांगत होतो तर बाबांनी एकच विचारलं, "मोटर लागते काय याच्यानं?" घरून नाही लागणार, विहीर गावाबाहेर, अन मधात घरं, झाडं. त्याच्यासाठी सिमवाला स्टार्टर आहेच, फोन लावायचा, तो उचलते, आकडा दाबला की मोटर चालू, फेज गेला असला तर तेही सांगते. फक्त आमच्या विहिरीवर रेंजचा भरवसा नाही, तो कॉल लागत नाही तेव्हा जावंच लागते, अन थ्री फेज रात्रीची असली की बॅटरी घेऊन गवतातून त्या पेटीपर्यंत. मागच्या पावसाळ्यात पेटीखाली घोणस निघाली होती. धुऱ्यावर उभं राहून, वीस-पंचवीस पावलांवरून पेटीकडं फोन रोखला अन मोटर लागली, असं कोणी काढलं तर बाबा पैसे मोजतील, बल्बासाठी नाही मोजणार.